बाईंचा वरचा सूर

नाही, आधी तुम्ही ओळखा, मग मी सांगतो. बाईंवर पुस्तक लिहायला निघालात ना — मग लावा अंदाज. ऑपेरातली एवढी नावाजलेली बाई, एकतीस वर्षं गायली, नि एका संध्याकाळी तिसऱ्या अंकात तोंड उघडून गप्प उभी राहिली, ती का? घशाचा आजार? हां, तसंच छापून आलं होतं म्हणे. मला काय, सहीपुरती अक्षरं येतात, मी आपला पडदा ओढणारा. नवरा? त्याला बाईंनी कधीच वाटेला लावला होता. चुकलात. बसा — त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मी मुद्दाम सैल करून ठेवलाय, जावयासाठी.

एकोणीस वर्षांची होती हो. मोठी गायिका आजारी पडली म्हणून मागच्या घोळक्यातनं हिला ओढून पुढे उभी केली. विंगेत बादलीत ओकत होती पोर. आता मी कसा, सगळ्यांना माहीत — नायकाच्या खोट्या मिशीत तपकीर भरली ती मी, वाद्यवाल्यांपुढं छडी हलवतो ना, त्या छडीवाल्याच्या कोटाच्या बाह्या आतनं शिवून टाकल्या त्याही मीच — तर मी गेलो नि म्हटलं, "ए भोंगा, आज फाटणार तुझा आवाज. मी कानात कापूस घालून बसतोय." अशी भडकली. "माकडा, परत येऊ दे मला, बघते तुला" — नि थरथर गेली कुठल्या कुठे, रागारागात जाऊन अशी गायली की मी पडदा पाडायचाच विसरलो. झालं, नेम पडून गेला. मी "फाटणार" म्हणायचं, तिनं "माकडा" म्हणायचं, मग पाऊल टाकायचं. परदेशात गाणं असलं तर तिथनं फोन — "बोल लवकर, घंटा व्हायला आलीये" — नि मी इथं बनियनवर उभा राहून, "फाटणार गं बाई, फाटणार." बायको म्हणायची, ही कसली मेली थेरं. पण हारतुरे, मोठी मोठी थिएटरं, सगळं झालं त्या बाईचं, आणि ते एक ऐकल्याशिवाय पाय उचलला नाही तिनं. मोठेपणा नाही सांगत. खरं तेच.

मग त्या शेवटच्या वर्षी मला ऐकू यायला लागलं — म्हणजे, यायचं बंद झालं. वरचा सूर. तिसऱ्या अंकात ती चढत चढत जायची, नि अगदी टोकाला गेली की नुसती हवा. एकदा, दोनदा, रोजच. लोक टाळ्या पिटतायत, छडीवाला मान डोलावतोय — मला वाटलं, सगळे मेले तोंडदेखले, तिला सांगायचं धाडस कुणात नाही.  त्या संध्याकाळी ती विंगेत येऊन उभी राहिली, कान माझ्याकडं केला, नि माझ्या तोंडून येईना हो. ज्याचं फाटलंय त्याला फाटणार कसं म्हणू? मी म्हटलं, "छान गाशील, बाई. जपून." बाई म्हटलं मी तिला. ती वळून म्हणाली, "काय म्हणालास?" मी नुसता खांदा थोपटला.

गेली. वाद्यं तिसऱ्या अंकातल्या त्या वरच्या सुराच्या जागेवर आली, तिनं तोंड उघडलं, मिटलं. छडीवाल्यानं तीच जागा पुन्हा फिरवून आणली, तरी नाही. मग मीच पडदा ओढला. आली, डोक्यावरचा टोप काढून माझ्या हातात दिला, म्हणाली, "तुला कळलं, म्हणजे लोकांना कळायला किती वेळ." ओरडली असती तर बरं झालं असतं.

थांबा, लिहू नका हे. अडीच महिन्यांनी पोरीनं मला कानाच्या डॉक्टरकडं नेलं, फोनची घंटा ऐकू येत नाही म्हणून. त्यानं विचारलं, पाखरं ऐकू येतात का? मी म्हटलं, पाखरं हल्ली ओरडतायत कुठं. तो हसला नाही. म्हणाला, आजोबा, तुमच्या कानातलं वरचं सगळं गेलंय, खालचं शाबूत आहे. आता तुमचाच आवाज जाड, म्हणून तुमच्याशी बोलता तरी येतंय मला. तर आवाज तिचा गेलाच नव्हता. धड होता, छडीवाल्यानंही शपथेवर सांगितलं.

गेलो तिच्याकडं. दाराशीच सगळं सांगून टाकलं, पाय धरले. ती पियानोशी जाऊन उभी राहिली, एक पट्टी दाबली, तोंड उघडलं — गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या दिसत होत्या मला, डोळ्यांत पाणी दिसत होतं — नि मला विचारते, "आला?" आता काय सांगू मी? मला नुसती पियानोच्या लाकडाची खडखड ऐकू आली. खोटं तिच्याशी कधी बोललो नव्हतो. मान खाली घातली. तिनं झाकण लावलं.

अकरा वर्षं झाली. बहीण सोबत राहते तिच्या, ती सांगते, भांडी घासताना, अंघोळ करताना, कधी म्हणजे कधी गुणगुणतसुद्धा नाही. तुम्ही घशाचा आजारच लिहा. उठा आता, पोर यायची वेळ झाली. माझ्या कानांपायी ती बाई अकरा वर्षं मुकी बसलीय.