‘येतो’ म्हणून गेलेला माणूस

पिच्चर मीच दाखवायचा, पॉपकॉर्न मीच आणायचं, अन् भरल्या थेटरात इज्जत पण माझीच जायची… हा कुठला न्याय, सांगा बरं?

तुम्हाला सांगतो, मी सुदर्शन, रिक्षावाला. टीव्ही सेंटर भागात राहतो. रडणाऱ्यातला माणूस नाय मी! पण आमच्या घरचं प्रकरणच तसलं. बाप गेला म्हणलं की लोक तोंड पाडून विचारतात, “कधी वारले?” अहो, वारला असता तर तेराव्याला जेवून मोकळे झालो असतो! वारला नाय, ‘येतो’ म्हणून गेला! मी दहावीला होतो. पायात चपला सरकवल्या, “गॅसचा नंबर लावून येतो” म्हणला, अन् गेला. बावीस वर्षं झाली… नंबर काय लागला नाय!

अन् गेल्या आठवड्यात गावाकडून, पिशोरहून, कडुबाकाकाचा फोन. “सुदर्शन, तुझा बाप माझ्याकडं येऊन बसलाय. घरी येऊ का म्हणतो.” अरे, येऊ का काय? ‘येतो’ म्हणून गेला ना?

मायला सांगितलं. माय म्हणजे आमची लक्ष्मीबाई. “बघू” म्हणली अन् मेथी निवडत बसली. बघू म्हणजे व्हय का नाय? मग माझी पोरगी श्रेया म्हणली, “बाबा, सेम आपल्यासारखा पिच्चर लागलाय. आजीला दाखवा, मन मोकळं होईल.” पोरीला वाटलं, आजी विरघळंल. मला वाटलं, चांगली पेटंल अन् नाय म्हणंल! खोटं कशाला बोलू?

झाला पिच्चर सुरू. नवरा बाईला सोडून जातो, अन् ती बाई जी खिडकीत उभी राहती… मागं व्हायोलिन कुईं कुईं… अर्धा तास! माय मोठ्यानं, “हिला कामधंदा नाय व्हय? भाकरी कोण थापतंय?” मागून एक जण, “मावशी, जरा हळू!” “हळूच बोलायले रे बाबा! नवरा गेला, अन् साडी बघ की, रोज नवी!”

शेवटी तो नवरा परत येतो. त्याचा पोरगा, माझ्याच वयाचा बाप्या, दार उघडतो अन् एवढंच विचारतो, “इतका उशीर?” बस्स! मला काय झालं कुणास ठाऊक… असा हंबरडा फोडला, असा फोडला, की पॉपकॉर्नवाला आत येऊन बघून गेला! मागचा म्हणतो, “मावशी, आता यांना बाहेर न्या.”

नेलं की! माझ्याच रिक्षात मागच्या सीटवर मला बसवलं, अन् भर रस्त्यात पदरानं नाक पुसलं… अडतीस वर्षांच्या माणसाचं! म्हणली, “सुद्या, माझा नवरा गेला, मी लोकाच्या पोळ्या लाटता लाटता रडून घेतलं. दोन वर्षांत संपलं माझं. तुझा बाप गेला, तू रडलाच नाय. कारल्यावाणी कडू होऊन बसला. बोलव त्याला. मला काय त्याची गरज नाय. तुला बोलायचं ते बोलून टाक.” अहो, म्हणजे बावीस वर्षं मी हिच्या वतीनं राग धरून बसलो, अन् ही कवाच मोकळी! मला कुणी सांगायचं का नाय?

मग काय, काल गेलो सेंट्रल स्टँडला. वाक्यं पाठ करून गेलो होतो. पहिलंच असं, की ऐकून माणूस तिथंच मटकन खाली बसावा! पिशोरची गाडी लागली. उतरला… लई वाळलाय हो, हातात कापडी पिशवी. ‘येतो’ म्हणून गेला, तो आला! सरळ माझ्याकडंच चालत आला. मी खाकी शर्टाचं वरचं बटण लावलं, तोंड उघडलं… अन् हा माणूस मला, पोटच्या पोराला, काय म्हणला असंल?

“भाऊ, टीव्ही सेंटरला सोडता का?”

सोडता का! मला विचारतो! पाठ केलेलं सगळं गेलं चुलीत… म्हणलं, “बसा. सोडायचं आपल्याला जमत नाय, पोचवतो.”