साहेबांच्या नावाचा माणूस

माझं नाव तेवढं लिहू नका पावणं. माझं लिहिलं की साहेबांचं लिहिल्यागत हुतंय, आणि लोक म्हणणार, आला बगा परत ह्यो मधी. मोल्डर लिहा. तीस वर्सं उद्यमनगरात फौंड्रीत वाळूचं साचं भरलं, ते लिहा. मूळचा आमी गडहिंग्लजच्या खालतीकडचं, हद्दीवरचं गाव, आईला अव्वा म्हणायचो आमी. अव्वानं देवाचं नाव ठेवलं मला, तवा साहेब कोण आणि कुठलं, तिला काय ठावं? आडनाव आमचं पिढ्यान्‌पिढ्याचं, वडलांचं नाव आज्ज्यानं ठेवलेलं. आता तिन्ही नावं साहेबांच्या तिन्ही नावांशी जुळली, त्येला मी काय करू सांगा.

कोल्हापुरात आलो तवा मंगळवार पेठेत एका खोलीत चौघं ऱ्हायचो. लग्न झालं, मालन आली, मग शहराच्या भाईर ह्या कॉलनीत पत्र्याचं दोन खण घातलं. तवा हितं रस्ता न्हवता, दिवा न्हवता, पण इलेक्शन आलं की जीप यायची. मालनचा भाऊ सदा, माझा मेव्हणा, साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर. त्यो म्हणायचा, दाजी, ह्या उपनगराची पेटी जिकडं, खासदार तिकडं. साहेब पयल्यांदा उभारलं ते पडलं, दुसऱ्यांदा निवडून आलं, आणि निवडून आल्यावर आमच्या गल्लीत नळ आला. खोटं कशाला बोलू? मी दोन्ही डाव त्येंनाच मत दिलं. आणि मला लई अभिमान हुता हो नावाचा. फौंड्रीत पोरं म्हणायची, साहेब, जरा वाळू टाका की. एका लग्नात सदानं मला पुढं घेऊन ओळख करून दिली, तर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणलं, आरं, तू म्हंजी मीच की! मी घरला येऊन मालनला चार वेळा सांगितलं ते.

मग ते साल आलं. साहेबांना पक्षानं तिकीट न्हाय दिलं आणि साहेब अपक्ष उभारलं. आमचा फौंड्रीचा मालक दुसऱ्या बाजूचा, पक्षाच्या उमेदवाराकडचा. एक दिवस मला केबिनमधी बोलावलं, बस म्हणलं, इतक्या वर्सांत पयल्यांदा खुर्ची दिली आणि म्हणलं, मिस्त्री, एका सहीचं काम हाय. मी म्हणलं कसली सही? तर म्हणलं, खासदारकीला उभारायचं तुमी. मला हसूच आलं. मालक हसलं न्हाईत. म्हणलं, तुमी काय बोलायचं न्हाय, हिंडायचं न्हाय, नुसतं नाव पायजे. मी म्हणलं, मालक, ते माझं देवमाणूस हाय, मला हे लावू नका. तवा मालक म्हणलं, तुमची रेखा कशी हाय वो? हापिसात बरं चाललंय न्हवं तिचं? रेखा म्हंजी माझी लेक, मालकानंच तिला बिलाच्या टेबलावर लावून घेतलेली.  तेवढंच इचारलं.

मी सही केली. काय सांगू तुम्हाला, सूचक म्हणून धा जणांच्या सह्या लागत्यात, त्या माझ्याच भट्टीवरच्या धा जणांनी केल्या, मान खाली घालून. कलेक्टर कचेरीत वकिलानं सगळं बोलून घेतलं, मला नुसती शपथ वाचाय लावली.

घरला आलो तर मालनला सगळं कळलेलं, सदानं फोन केलेला. ती भाकरी थापत हुती, तिनं वर बगितलं न्हाय. म्हणली, माझ्या माहेरची वाट बंद कराय निघालाय व्हय तुमी? मी म्हणलं, रेखाचं बग की. तर रेखाच आतनं आली आणि म्हणली, बाबा, नोकरी दुसरी बघू, तुमी माघार घ्या. पोरगी असं म्हणल्यावर मला केवढा धीर आला! माघार घ्यायला दोन दिवस हुतं. आणि मी काय येडेपणा केला, तर दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन सुपरवायझरला सांगितलं, मी माघार घेतोय. गुपचाप जायचं सोडून सांगून बसलो. इमान हो, काय म्हणायचं दुसरं.

तासाभरात गाडी आली, मालकांनी बोलावलंय म्हणून. गाडी पन्हाळ्याच्या अंगाला गेली, एका फार्महौसावर. तितं मालक न्हवतंच. दोन माणसं हुती, लई अदबीची. शिवी न्हाय, हात लावणं न्हाय. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, गादी, टीव्ही. नुसता माझा मोबाईल घेतला आणि फाटकाला कुलूप घातलं. मी म्हणलं सोडा मला, तर म्हणत्यात, सोडतो की, कुठं न्हाय म्हणतोय? उद्या तीन वाजू द्या. तीनला माघारीची मुदत संपती.

दुसऱ्या दिवशी सकाळपास्नं मी फाटकाशी बसलो. भिंतीवर घड्याळ हुतं, आत जाऊन बगायचो, परत यायचो. तिकडं मालन सदाला घेऊन कलेक्टर कचेरीत बसलेली, हे मला मागनं कळलं. ती म्हणत हुती, मी बायको हाय त्येंची, मी माघार घेती. कचेरीतली माणसं म्हणली, बाई, त्येंची सही पायजे. सदा आमच्या सगळ्या पावण्यांना फोन लावत हुता. आणि मी हिकडं फाटकाशी. तीन वाजलं, पाच मिनिटं झाली, आणि त्यातल्या एकानं सवताहून कुलूप काढलं आणि म्हणला, चला खासदार, घरला सोडतो. तवापास्नं ते नाव पडलं माझं.

मला कढई चिन्ह मिळालं. मी एक दिवस हिंडलो न्हाय, घराभाईर पडलो न्हाय, तरी माझं पोस्टर लागलं. साहेबांच्या माणसांनी पत्रकं वाटली, खोट्या माणसाला फसू नका म्हणून. मी खोटा! अव्वानं ठेवलेलं नाव हो माझं. तवा मशिनीवर फोटू नसायचा, नुसतं नाव आणि चिन्ह. अपक्षांत दोघांची नावं खालवर, माझं वर. मी गेलो, साहेबांचं बटण दाबलं आणि भाईर आलो, तर शेजारची गोदाआक्का काठी टेकत येत हुती, मला बघून लई खुशीत म्हणली, दिलं बाबा साहेबांना, कढईवर दाबलं. मी तिचा हात धरला आणि तिला घरापतूर पोचवली.

साहेब पडलं. जेवढी मतं मला मिळाली, त्येच्या निम्म्या फरकानं बी हारलं न्हाईत ते. सांजच्याला सदा दारात आला. मला वाटलं मारतोय, मारला असता तर बरं झालं असतं. त्यो म्हणला, दाजी, तुमच्यावर राग न्हाय, पण मला परत ह्या घराचं पाणी पिववणार न्हाय. आणि गेला. मालननं त्या साली भाऊबीजेला ताट करून ठेवलं, त्यो आला न्हाय.

मी साहेबांकडं गेलो पाया पडाय. लोक ढकलाय लागलं, साहेबांनीच थांबवलं. म्हणलं, तुझा दोष न्हाय, मला ठावं हाय तुला कुठं ठेवलं हुतं. पण हितं येत जाऊ नकोस, पोरं चिडल्यात. खांद्यावर हात न्हाय ठेवला.

बरं, पुढच्या इलेक्शनला मी शाणा झालतो, कुणी आलं तरी न्हाय म्हणायचं. तर आली कोण? साहेबांचीच कार्यकर्ती पोरं, मी परत उभारीन म्हणून भ्यालेली. म्हणली, चला, देवदर्शनाला. अर्ज भरायची मुदत संपस्तोवर गोकर्ण, उडुपी, धर्मस्थळ, नुसतं फिरवलं. ह्यांनी बी मोबाईल काढून घेतला. ह्यांच्या बी गाडीचं दार आतनं उघडायचं न्हाय. त्याच आठवड्यात रेखाला बघाय पावणं आलतं. पोरीचा बाप घरात न्हाय, कुठं हाय सांगता येत न्हाय, पावणं च्या पिऊन गेलं आणि फिरून आलं न्हाईत. आणि फौंड्रीत न सांगता गैरहजर म्हणून मालकानं मला काढला. रेखाला ठेवली, एवढं उपकार.

नाव बदलायला गेलो नंतर, गॅझेटात. तितला माणूस म्हणला, बदलेल की, पण आधार, प्लॉटचं कागद, फंडाची पेन्शन, लेकीच्या दाखल्यावरचं बापाचं नाव, सगळं बदलून आणाय लागंल. एका वर्सानं मी ते कागद पिशवीत घालून ठेवून दिलं.

ह्या डावाला काय झालं ठावं हाय न्हवं? तिकीट न्हाय दिलेल्या त्याच पक्षात साहेब परत गेलं. साहेब आणि मालक एका गाडीत उभं, दोघांच्या गळ्यात एक हार, गाडी माझ्या दारावरनं गेली आणि चालवत हुता सदा. मालन दारात हुती. त्येनं हॉर्न बी दिला न्हाय. त्येंचं मिटलं सगळं, आमचं तेवढं ऱ्हायलं.

आता त्या दोघांच्या विरोधातली माणसं आली माझ्याकडं. रेखाचं लग्न झालंया, ती पुण्याला हाय, मी घरात बसून हाय, माझं कोण काय करणार? मी न्हाय म्हणलं. त्येनी वाद बी घातला न्हाय. म्हणली, असू दे, दुसरा घावलाय. इचलकरंजीत, यंत्रमागावर कामाला, तीच तीन नावं.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं इचलकरंजी गाठली. शेडात मागांचा आवाज असा की कानात बोलाय लागतंय. माझ्या वयाचा माणूस, अंगावर कापसाची तुसं. मी माझं नाव सांगितलं, तर लई आनंदानं हात धरला त्येनं. भाईर घेऊन मी त्येला सगळं सांगितलं, हे तुम्हाला सांगितलं तसंच, फार्महौस, गोदाआक्का, सदा. त्येनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणला, दादा, आमी ऱ्हातोय ती खोली शेडाच्या मालकाची हाय. आणि धागा तुटला म्हणून आत गेला.

माघारीच्या दिवशी मी कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी तीन वाजस्तोवर बसलो, येतोय का बघत. आला न्हाय. आला असता तरी मी काय केलं असतं, मला ठावं न्हाय. ह्या डावाला साहेब लई मतांनी आलं. त्या माणसाला किती मतं पडली, पेपरात बघितली बी न्हाईत मी. देवानं त्येला बरं ठेवावं, त्येची खोली ऱ्हावी, एवढंच.

आता अनोळखी नंबरवरनं फोन येत्यात अधनंमधनं. महापालिका हाय, जिल्हा परिषद हाय, कायतरी असतंयच. मालनच उचलती. म्हणती, न्हाय वो, ह्या नावाचं हितं कोण ऱ्हात न्हाय. मी समोरच बसलेला असतोय, च्या पीत. ती फोन ठेवती, मी कप ठेवतो.