चौथ्या दिवसापर्यंत शेत बंद

नाव लेसिएली फिनाऊ, वय ३६ वर्षे, धंदा शेतमजुरी, मूळ राहणार हाआपाई, टोंगा, सध्या राहणार मजुरांच्या खोल्या, बोवेन, क्वीन्सलँड.

आज दि. १९ सप्टेंबर २०१९ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, नोरीन पास्को, वय ७१, या शेजारच्या बाईंनी आमच्या शेताचे फाटक अडवले, अशी आमचे मुकादम डेल यांची तक्रार आहे. मी तेथे हजर होते.

परवा मंगळवारी सकाळी सव्वासहाला आम्ही अकरा जणी टोमॅटोची झाडे बांधायला गेलो. फाटकात नोरीनबाईंची गाडी आडवी उभी होती. माझा भाऊ माका, वय २९, डेलसोबत पाऊण तास आधीच आत गेला होता आणि झाडे बांधायला लागला होता.

डेल आतून ओरडत आले, "ए म्हातारे, गाडी काढ!"

बाई म्हणाल्या, "काल दुपारी फवारलंयस. औषधाच्या डब्यावर चार दिवस आत जाऊ नका असं छापलंय."

"कचेरीत बसून काहीही छापतात ते!"

"ते म्हणजे मीच रे. औषधांना परवानगी देणाऱ्या कचेरीत तीस वर्षं हेच कागद तपासले. उंदरांना ज्या मात्रेनं काहीच होत नाही, तिचा शंभरावा भाग माणसासाठी धरतो आम्ही. मग झाडं हाताळणाऱ्याच्या अंगाला किती लागतं ते मोजतो. तिसऱ्या दिवशीही ते जास्तच भरलं, म्हणून चार."

डेलने तिथूनच पोलिसांना फोन लावला.

तेवढ्यात माका ओळींतून झिंगल्यासारखा चालत आला. तोंडातून लाळ गळत होती. म्हणाला, "ताई, नीट दिसत नाही गं." आणि ओकला. मी त्याला धरायला धावले, तर बाई माझ्यावर खेकसल्या, "हातमोजे घाल आधी!" त्यांनी स्वतः मोजे चढवून त्याचे कपडे कापून काढले आणि गाडीतल्या टाकीच्या पाण्याने, साबण लावून त्याला आंघोळ घातली. एवढा मोठा गडी, पण लाजला नाही. मग त्या डेलला म्हणाल्या, "डबा आण." डेल पळत जाऊन डबा घेऊन आले. हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

बाईंनी गाडीतून आम्हाला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डबा वाचून लगेच इंजेक्शन सुरू केले. हा डबा सोबत आणला नसता तर फवारलेले औषध ओळखण्यात वेळ गेला असता, असे डॉक्टर मला म्हणाले.

आमच्या अकरा जणींपैकी एक पाच महिन्यांची गरोदर आहे. तिचे नाव देत नाही.

मी बाईंना म्हणाले, तुमचे उपकार कसे फेडू? त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं आकडेच बघत आले. ते कुणासाठी होते, ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं." आणि गाडीत जाऊन बसल्या. बराच वेळ त्यांनी गाडी चालू केली नाही.

माका आज सकाळी उठून बसला. भूक लागली म्हणाला.

वरील मजकूर दुभाष्याने मला टोंगन भाषेत वाचून दाखवला. एका ठिकाणी बाईंचे आडनाव चुकले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे खरे आहे.