गाठीवर ओतलेली घागर

आमचं गाव चाकूरजवळचं आणि घरचं काम मंडपाचं. आमचे वडील, आबा, लग्नाला आणि जयंतीला मोठं पाल उभं करायचे. मधोमध उंच खांब, खांबाच्या शेंड्याला कप्पी, कप्पीतून दोर आणि दोराच्या टोकाला पालाची लोखंडी कडी. चार माणसांनी दोर ओढला की पाल वर चढायचं, मग दोराचं दुसरं टोक खाली खुंटीला बांधायचं, सगळा भार त्या एका गाठीवर. आबा गेले आणि मी आणि माझा धाकटा भाऊ सुखदेव, आम्ही दोघं ते काम बघायला लागलो.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जिल्हा नवा झाला पण विहिरी जुन्याच, त्याबी कोरड्या. आमचा अंबाडीचा दोर कप्पीत घासून घासून मधे निम्मा राहिला होता. दुसरा घ्यायचा तर बाजारात अंबाडीचा दोरच न्हाई. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं दुष्काळात नुसती ज्वारी जाते. अंबाडी कापून तिचे पेंढे पाण्यात कुजत घालावे लागतात, तवा वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, सुटतो. ओढ्याला पाणी न्हाई, तळ्याला पाणी न्हाई, मग वाख कुठला आणि दोर कुठला. कुणी म्हणालं किनवटकडं जंगलात पाणी हाय, तिकडं मिळंल, पण काशीबाई मावशीच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं.

म्हणून लातूरला गेलो. दोर घेताना हजर आम्ही तिघं, मी, सुखदेव आणि दुकानदार. किती पडले ते मला पैशापर्यंत पाठ आहे, पण ते जाऊ द्या. दोर नायलॉनचा, निळा, आम्ही पहिल्यांदाच हातात घेतलेला. सुखदेव म्हणाला, दादा, बघ कसा गुळगुळीत हाय, हाताला कुसळ टोचत न्हाई. दुकानदार म्हणाला, मालक, ह्यानं ट्रक ओढा, तुटला तर दोर घेऊन या, ट्रक राहू द्या. मी आपला सावध माणूस. सोबत नेलेल्या कप्पीच्या खाचेत घालून जाडी पाहिली, हातानं लांबी मोजली, आणि दुकानाच्या आढ्याला दोर टाकून आम्ही दोघं भाऊ त्याला लोंबकळलो. शेटजी ओरडला, अरे उतरा, माझं दुकान खाली येईल! सगळं तपासलं मी. फक्त पाण्यात भिजवून पाहिला न्हाई, आणि त्या साली दोर भिजवायला पाणी कोण देणार होतं?

लग्नाच्या दिवशी सकाळी पाल चढवलं, आबांनी शिकवलेली गाठ मारली. उन्हं वर आली, वऱ्हाड पालाखाली बसलं. मांडून ठेवलेल्या मेणबत्त्या लावायच्या, बुद्धवंदना सुरू व्हायची. आता आमच्याकडची एक रीत आहे, आबांच्या वेळेपासूनची. उन्हानं अंबाडी सुकते, गाठ ढिली पडते, म्हणून माणसं बसली की नवरीच्या आईनं खुंटीवरच्या गाठीवर घागरभर पाणी ओतायचं. अंबाडी फुगते, गाठ अशी आवळते की मग सुटता सुटत न्हाई. मी मावशीला म्हणालो, मावशी, पाणी. ती म्हणाली, मेल्या, दोराला तहान लागली का? वऱ्हाडाला घोटभर द्यायला न्हाई माझ्याकडं. मी म्हणालो, मावशी, खाली लेकरं बसलीत. मग ती घरातली राखून ठेवलेली घागर काखेत घेऊन आली. तहानलेली माणसं त्या घागरीकडं बघून राहिली होती, आणि तिनं ती सगळी गाठीवर उपडी केली.

वारा सुटला. पाल फुगलं, दोराला झटका बसला, आणि गाठ, काय सांगू तुम्हाला, माझ्या डोळ्यांदेखत सरकली. तेल लावल्यासारखी. पाण्यानं जी आवळायची ती पाण्यानं सुटली. नायलॉन पाण्यानं फुगत न्हाई, उलटा निसरडा होतो. आजही मला ते खरं वाटत न्हाई. मी नुसता बघत उभा राहिलो, पाय उचललाच न्हाई. सुखदेवनं झेप घेऊन दोर धरला. दोर त्याच्या मुठीतून सरसर पळाला, धूर निघाल्यासारखा वास आला, पण त्यानं सोडला न्हाई. पाल खाली आलं ते हळू आलं. लोखंडी कडी नवरीच्या आजीच्या डोक्यावर हातभर येऊन थांबली, आणि सगळी माणसं बाहेर येईपर्यंत त्यानं ती तशीच धरून ठेवली. मी एकेक मोजत होतो. आजी शेवटी आली, पदर झटकत म्हणाली, मंडप बांधता का जाळं टाकून मासे धरता रे?

मग सुखदेवनं मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांची कातडी दोरासंगं गेली होती. हात धुवायला पाणी मागितलं तर गल्लीत तांब्याभर निघालं न्हाई. जे होतं ते खुंटीपाशी मातीत जिरलं होतं.

लग्न उघड्यावर लागलं. सुखदेवचे हात बरे झाले, पण बोटं वाकडी राहिली, मूठ मिटत न्हाई. पुढं मी किनवटहून अंबाडीचा दोर आणला, पण त्याला काही तो कधी ओढता आला न्हाई. पाऊस झाला त्या साली मी घागर भरून मावशीच्या दारात गेलो. ती म्हणाली, ने परत. हे तर आता नालीतून वाहून राहिलंय. माझी घागर त्या उन्हाळ्यातली होती.

तिचं बरोबर होतं. मी घागर परत घरी आणली.

पुढं लई वर्षांनी तसाच दुष्काळ पडला, टँकरमागं माणसं पळायला लागली. आता मंडपाला लोखंडी पाइप असतात, दोराचं कुणी विचारत न्हाई. मावशी पार थकलेली. रांगेत उभं राहून मी एक घागर भरली, घरी न नेता तिच्याकडं नेली, सुखदेव संगं होता. तिनं वाकून घागरीत पाहिलं, काठोकाठ आहे का ते. मग म्हणाली, हां, ही ती.

तर ती घागर काशीबाईला पोचली. तिनं त्यातला पहिला तांब्या सुखदेवपुढं धरला आणि त्यानं तो दोन्ही मनगटांत धरून सगळा प्याला.