स्वल्पविराम तेवढे वाचले

डोळ्यांच्या दवाखान्यात मुद्रितशोधक बाई बसल्या होत्या. थेंब घातल्यामुळे समोरचं सगळं धूसर झालं होतं. पण शेजारच्या बहीणभावाची कुजबुज ऐकायला डोळे लागतात कुठे!

"ताई, बाबांची फाइल गेली."

"गेली म्हणजे?"

"जुन्या फॉन्टमधली होती ना, नव्या कॉम्प्युटरवर नुसती गिचमीड दिसायची. म्हणून स्क्रिप्ट लिहिली, छोटासा प्रोग्राम, सगळं युनिकोडमध्ये आणायला. जे अक्षर ओळखता आलं नाही, तिथं तिनं प्रश्नचिन्ह टाकलं."

"किती ठिकाणी?"

"सगळीकडे. स्वल्पविराम तेवढे वाचले."

"मूळ फाइल असेल ना?"

"नवी त्याच नावानं, तिच्यावरच सेव्ह झाली."

"वा! जाण्याआधी तीनशे पानं लिहिली त्यांनी, आणि तू त्यांना विरामचिन्हांवर आणलंस."

"पाच मिनिटांचं काम वाटलं गं."

"त्यांच्यासाठी तुझ्याकडे कायम पाचच मिनिटं होती. एक तरी पान वाचलं होतंस?"

"तू वाचलं होतंस?"



"त्यांनी कुठं आपल्याला खरंच काही विचारलं असेल, तर ते प्रश्नचिन्ह आता कसं ओळखायचं रे?"

"हळू बोल. आई आली."

"निघाली बाई एकदाची पट्टी! तक्त्यावरची अगदी खालची ओळसुद्धा वाचली मी. आता घरी गेल्यावर पहिलं यांचं लिहिलेलं वाचणार. छापून दे रे मला, मोठ्या अक्षरात."

"देतो, आई."

"ऐकलंस ना?" ताई कुजबुजली. "मोठ्या अक्षरात."