विंच आणि मागची सीट

शुक्रवारी दुपारी चार वाजता, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मिशिगनच्या उत्तर टोकाला एका दुकानातल्या रांगेत लोर्नाच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. नवऱ्यानं एटीव्हीला, म्हणजे रानात चालवायच्या छोट्या उघड्या चारचाकीला, लावायचा विंच काउंटरवर ठेवला; खोक्यावर बटण दाबताच दोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या यंत्राचं चित्र होतं.

"विंच कशाला, रेनो?"

"डॉक्टर म्हणाले, मारलेलं हरीण ओढायचं नाही. हा ओढेल."

"एकट्यानं जायचं नाही, असंही म्हणाले होते."

"बंदूक आहे ना सोबतीला."

"आणि रानात छातीत कळ आली तर?"

"दोन हजार पौंड ओढतो हा, हेल्मी. मी फक्त अडीचशे."

"बटण कोण दाबणार?"

रेनो खोक्यावरचा मजकूर वाचू लागला.

"ती एटीव्हीची मागची सीटही द्या हो," हेल्मी दुकानदाराला म्हणाली.

"ती कुणाला?"

"बटण दाबणाऱ्याला. आणि ते शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट, मधल्या मापाचं."

"तू बडबडत बसशील. हरणं पळतील."

"एक्केचाळीस वर्षं बडबडतेय. तू कुठं पळालास?"

"सगळं एकत्र बांधू का?" दुकानदारानं विचारलं.

सव्वाचार वाजले. लोर्नाच्या मागची रांग दारापर्यंत पोचली होती. हेल्मीनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली होती, आणि रेनो पुन्हा खोक्यावरचा मजकूर वाचत होता.