निरीक्षकानं मध्ये बोलायचं नाही

...नाही, पण मी म्हणतो, शिकायला दुसरे विषय काय मेले होते? माझा मित्र पूल बांधायला शिकतोय. पूल पडला तर निदान पडलेला दिसतो तरी! आणि मी? मानव विकास आणि कौटुंबिक नातेसंबंध! काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "नाती? ती कॉलेजात शिकवतात? आम्ही तर फुकटात भोगतोय!"

आणि याला प्रॅक्टिकल असतं हो! बेडूक नाही कापायचा, घरचीच माणसं घ्यायची. आमच्या मॅडम... पाळण्यातलं बाळ न उठवता रागवतील असा आवाज... म्हणाल्या, "जेवणाच्या वेळी कोपऱ्यात बसा... कुटुंबातल्या संघर्षाचं मूळ शोधा... आणि लक्षात ठेवा, निरीक्षकानं मध्ये बोलायचं नाही." मान हलवायची नाही, भुवई उडवायची नाही! बोललात की प्रॅक्टिकल बाद, प्रॅक्टिकल बाद की वर्ष बाद!

म्हटलं, हात्तिच्या! आमच्याकडे संघर्षाला काय तोटा? पाण्याची बाटली कुणी भरायची यावरून आमच्याकडे दोन-दोन दिवस अबोला असतो! घरच्यांना नियम समजावला, स्टूल ओढलं, रेकॉर्डर चालू केला, बसलो.

आणि तुम्हाला सांगतो... शांतता! बाबा आईला म्हणतात, "भाजी छान झालीये." छान! लग्न झाल्यापासून या माणसानं 'चालेल' याच्यापुढे दाद दिलेली नाही! आणि ताई, जी स्वतःचं ताट उचलत नाही, ती म्हणते, "आई, तू बस गं, मी वाढते." मी आतल्या आत ओरडतोय, अहो, नाटकं पुरे, भांडा की! पण बोलणार कसा? निरीक्षकानं मध्ये बोलायचं नाही!

तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला. "आपली आक्का आता कायमची आपल्याकडे राहायला येतेय. तिला खोली कुठली द्यायची?" आक्का म्हणजे माझी आत्या. आई म्हणाली, "याची देऊ." याची म्हणजे कुणाची? माझी! खिडकीवाली! आतून कडी लागणारी! अहो, त्या कडीच्या जिवावर मी या घरात माणसासारखा जगलो! ताई म्हणते, "हो ना, हा काय, हॉलमध्ये कुठंही पडेल." बाबा माझ्याकडे वळले. "तुझी काही हरकत?"

मी गप्प! दोन्ही हातांनी स्टूल धरलंय... गप्प! आईच्या डोळ्यांत पाणी. "बघा हो, किती समजूतदार झालाय! शिक्षणाचा फायदा असतो." ताई तर पक्की बेरकी, लगेच म्हणाली, "आणि तुझं कपाट मला?" गप्प! "आणि गाडी रोज तूच पुसणार?" गप्प! बाबा म्हणाले, "मौन म्हणजे संमती." आईनं उष्ट्या हातानंच आत्याला फोन लावला. "या हो, पोरानं आनंदानं दिली खोली!" आनंदानं! आणि मी? निरीक्षकानं मध्ये बोलायचं नाही!

बरं, एवढं करून मॅडमना रेकॉर्डिंग ऐकवलं, तर त्या म्हणतात, "एवढा मोठा निर्णय झाला आणि एकही भांडण नाही? मग मूळ कुठाय?" खरंच की! घरी येऊन विचार करत बसलो. बाबा तेच, आई तीच, ताई तर काय विचारूच नका, भाजीसुद्धा रोजचीच. मग त्या संध्याकाळी वेगळं काय होतं? कोण गप्प होतं? ...आणि तुम्हाला सांगतो, मी पेनच उचललं! वर्ष जाणार होतं हो, खोटं कसं लिहू? लिहून टाकलं: 'संघर्षाचं मूळ... निरीक्षक.'

पैकीच्या पैकी मार्क! वर्गात टाळ्या! आईला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की तिनं ते पान फ्रेम करून लावलंय. कुठं? हॉलमध्ये. माझ्या अंथरुणाच्या बरोबर वर. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा वाचतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "आम्हाला आधीपासूनच वाटत होतं."

वाटू दे. आपण कशाला मध्ये बोला!